निष्क्रिय विषाणू पेशीत काय करतो?

विषाणू ‘निष्क्रिय’ झाला असं प्रयोगशाळा सांगते, तेव्हा तिने एकच गोष्ट पाहिलेली असते. नमुना पेशींच्या थरावर टाकला, काही दिवस वाट पाहिली आणि नवे विषाणू तयार झाले नाहीत. लशीच्या सुरक्षिततेसाठी ही कसोटी हवीच. तिच्यावर तडजोड नाही. पण तिच्यातून बरेच प्रश्न सुटायचे राहतात. तो विषाणू पेशीला चिकटला का? आत शिरला का? त्याचं एखादं जनुक तरी वाचलं गेलं का? पेशीने त्याची दखल घेतली का? गेल्या ऐंशीहून अधिक वर्षांतलं संशोधन समोर ठेवून पाहिलं, तर यांतल्या बहुतेक प्रश्नांना ‘पुष्कळदा, हो’ असं उत्तर द्यावं लागतं. वाढ थांबणं आणि सगळं काही थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतकंच नाही, वाढ थांबलेला विषाणू पेशीला जिवंत विषाणूपेक्षा जास्त खडबडून जागं करतो, असंही अनेकदा आढळलं आहे. या आढाव्यात मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे, कारण लशींच्या यशापयशाचा मोठा भाग याच मुद्द्याशी बांधलेला आहे.

विषाणूच्या कणात बाहेर प्रथिनांचं कवच असतं, काहींना त्यावर स्निग्ध पदार्थांचं आवरण असतं आणि आत डीएनए किंवा आरएनए असतो. निष्क्रिय करण्याच्या पद्धती यांपैकी कशावर घाव घालतात, यावर पुढचं सगळं ठरतं. २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण मुख्यतः आतल्या जनुकीय साखळीत शोषले जातात. शेजारशेजारचे दोन थायमिन किंवा युरॅसिल घटक एकमेकांना जोडले जातात आणि साखळी वाचत जाणारं विकर, म्हणजे पॉलिमरेज, तिथे अडतं. बाहेरची प्रथिनं त्या मात्रेला बरीचशी शाबूत राहतात. उष्णतेचं उलट: ५६ अंशांवर प्रथिनांच्या घड्या मोडतात, पण आतला डीएनए बहुधा धड राहतो. फॉर्मालीन प्रथिनांमधल्या अमिनो गटांना एकमेकांशी बांधून टाकतं आणि जनुकीय साखळीलाही सोडत नाही. बीटा-प्रोपिओलॅक्टोन मुख्यतः साखळीतल्या ग्वानिनवर चढतं. मात्र ते प्रथिनांना अजिबात शिवत नाही, असं समजू नये. गॅमा किरण साखळी तोडतात, आणि नमुना गोठवून किरण दिले तर प्रथिनांची हानी कमी होते.

दिव्याखालची बशी

अतिनील किरणांचा प्रयोग दिसायला साधा असतो. विषाणूचं द्रावण बशीत अगदी पातळ थरात ओततात, कारण थर जाड असला तर तळाशी किरण पोहोचत नाहीत. बशी बर्फावर ठेवतात, झाकण काढतात (प्लास्टिकचं झाकण हे किरण अडवतं; नवशिक्या विद्यार्थ्यांची फसगत इथेच होते) आणि दिव्याखाली ती हलक्या हाताने हलवत राहतात. ठरावीक सेकंदांनी थोडं थोडं द्रव काढून घेतात, ते पातळ करतात आणि पेशींच्या थरावर टाकून किती जागी पेशी मेल्याचे ठिपके पडले ते मोजतात. आकडे लॉगॅरिदमच्या कागदावर मांडले की बहुधा सरळ उतरती रेषा मिळते. तिचा अर्थ असा, की एका कणाला एक घाव पुरेसा आहे आणि घाव कुठे पडेल ते निव्वळ योगायोगावर आहे.

ही रेषा फार बोलकी असते. लांब साखळीवर घाव पडण्याची शक्यता जास्त आणि आखूड साखळीवर कमी. म्हणून एखादं काम बंद पाडायला किती किरण लागले, यावरून त्या कामासाठी साखळीचा केवढा भाग धड असावा लागतो, ते मोजता येतं.

या युक्तीचा सर्वांत देखणा वापर १९७६ मध्ये झाला. व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस हा गुराढोरांच्या तोंडात फोड आणणारा विषाणू. त्याच्या सुमारे ११,००० घटकांच्या आरएनएवर पाच जनुकं आहेत. ती स्वतंत्रपणे वाचली जातात की एकामागून एक, हा वाद होता. अँड्र्यू बॉल आणि त्यांच्या सहकारी व्हाइट यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या रोश इन्स्टिट्यूटमध्ये गॉर्डन एब्राहम आणि भारतीय वंशाचे अमिय बॅनर्जी यांनी, विषाणूला अतिनील किरणांचे वाढते डोस दिले आणि कोणतं जनुक किती लवकर गप्प होतं ते पाहिलं. प्रत्येक जनुक स्वतंत्र असतं तर त्याची नाजुकता त्याच्या स्वतःच्या लांबीइतकीच भरली असती. तसं झालं नाही. पहिलं ‘एन’ जनुक सर्वांत चिवट ठरलं. पुढच्या प्रत्येक जनुकाची नाजुकता त्याच्या आधीच्या सगळ्यांची लांबी धरून वाढत गेली, आणि शेवटचं ‘एल’ जनुक जवळजवळ अख्ख्या साखळीइतकं नाजूक निघालं. मुंबईकराला हे पटकन कळेल: सगळ्या गाड्या सीएसएमटीहूनच सुटत असतील, तर ठाण्याला रूळ तुटल्यावर दादरपर्यंतच्या प्रवाशांना कळतही नाही, पण कल्याण-कर्जत बंद पडतं. पॉलिमरेजही साखळीच्या एकाच टोकाने आत शिरतं. विषाणूशास्त्रातलं हे एक मूलभूत सत्य हाती लागलं ते विषाणू हळूहळू निकामी करत नेल्यामुळे.

आपल्या विषयासाठी या प्रयोगातून निघणारा हिशेब जास्त महत्त्वाचा आहे. समजा, किरण इतके दिले की दहा लाख कणांतला एकच कण वाढू शकतो. कोणत्याही मापाने ही भरभक्कम निष्क्रियता आहे. गणिताने अशा वेळी प्रत्येक साखळीवर सरासरी १४ च्या आसपास घाव पडलेले असतात. पण ‘एन’ जनुक आणि त्याच्या आधीचा छोटा तुकडा मिळून साखळीचा जेमतेम आठवा हिस्सा भरतो. तेवढ्या भागावर एकही घाव पडलेला नाही असे कण शेकडा १८ च्या घरात निघतात. हा विषाणू स्वतःचं पॉलिमरेज कणातच बरोबर घेऊन येतो. डेव्हिड बाल्टिमोर, अ‍ॅलिस हुआंग आणि मार्था स्टॅम्फर यांनी ते १९७० मध्ये दाखवलं होतं. त्यामुळे दर पाच-सहा ‘निष्क्रिय’ कणांतला एक कण पेशीत शिरून ‘एन’ जनुकाचा संदेश तयार करू शकतो. वाढ दहा लाख पटींनी घटली, पण पहिल्या जनुकाचं काम पाच-सहा पटींनीच. एकच डोस आणि दोन अगदी निराळी उत्तरं.

हाच हिशेब आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आरटी-पीसीआर चाचणीला लावून पाहावा. करोना विषाणूचा आरएनए सुमारे ३०,००० घटकांचा आहे आणि चाचणी त्यातला शंभरेक घटकांचा तुकडा शोधते. तितक्याच कडक किरणांनंतरही शंभरातले पंचाण्णव तुकडे धड असतात. म्हणजे विषाणू संपला तरी चाचणी ‘पॉझिटिव्ह’ येणार. निष्क्रियता पीसीआरने सिद्ध होत नाही, ती पेशींवर वाढवूनच पाहावी लागते. कोविडच्या काळात ही गोष्ट लोकांना नीट समजावून सांगितली असती, तर बरे होऊन आठवडे उलटल्यावरही ‘रिपोर्ट अजून निगेटिव्ह येत नाही’ म्हणून झालेली पुष्कळ घालमेल वाचली असती, असं मला आजही वाटतं.

विषाणूच्या जातीप्रमाणे हा हिशेब बदलतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. पोलिओसारख्या विषाणूचा आरएनए हाच पेशीसाठी थेट संदेश असतो आणि त्यातून एकच लांबलचक प्रथिन तयार होऊन मग त्याचे तुकडे पडतात. मध्ये घाव पडला तर पुढचा सगळा भाग तयार होत नाही. देवीच्या कुळातल्या विषाणूंची कथा आणखी वेगळी. १९३६ मध्ये बेरी आणि डेड्रिक यांनी उष्णतेने मारलेला मिक्सोमा विषाणू आणि त्याचा सौम्य भाऊबंद असलेला जिवंत फायब्रोमा विषाणू सशांना एकत्र टोचला. ससे मिक्सोमाने मेले. मारलेला विषाणू जिवंत झाला कसा, हे कोडं सुटायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. हे विषाणू आपली जनुकं वाचणारी विकरं कणात घेऊन येतात. उष्णतेने ती विकरं बिघडली, पण डीएनए धड होता. सौम्य विषाणूने विकरं पुरवली आणि मिक्सोमाची जनुकं पुन्हा वाचली जाऊ लागली. उष्णतेने जनुकं नष्ट होत नाहीत, ती वाचणारं यंत्र बंद पडतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नाही.

पेशीचं म्हणणं

आता दुसऱ्या बाजूला वळू. यजमान पेशीला निष्क्रिय विषाणू कळतो का?

१९४३ मध्ये फिलाडेल्फियात वर्नर आणि गरट्रूड हेन्ले या दांपत्याने कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यात आधी अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला इन्फ्लुएन्झा विषाणू घातला आणि मग जिवंत. जिवंत विषाणू नीट वाढेना. १९५४ मध्ये टोकियोत नागानो आणि कोजिमा यांनी किरणांनी निष्क्रिय केलेल्या व्हॅक्सिनिया विषाणूने सशाच्या त्वचेत असाच विरोध उभा राहतो, हे दाखवलं. मग १९५७ मध्ये लंडनजवळच्या मिल हिल इथल्या संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले तरुण संशोधक जाँ लिंडनमान यांनी निर्णायक प्रयोग केला. अंड्यातल्या पातळ पडद्याचे तुकडे त्यांनी ५६ अंशांवर तासभर तापवलेल्या इन्फ्लुएन्झा विषाणूबरोबर ठेवले. नंतर ते तुकडे बाजूला काढून भोवतालचं द्रव घेतलं आणि ते नव्या, विषाणूचा स्पर्शही न झालेल्या पडद्यांवर घातलं. या नव्या पडद्यांवरही जिवंत विषाणू वाढेना. याचा अर्थ मेलेल्या विषाणूने पेशींकडून काहीतरी करवून घेतलं होतं आणि ते ‘काहीतरी’ द्रवात उतरलं होतं. त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं.

आधुनिक प्रतिकारशास्त्राचा एक पाया असलेला हा पदार्थ निष्क्रिय विषाणूमुळे सापडला, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. मला ती मध्यवर्ती वाटते. हे असं का होतं, ते चाळीसेक वर्षांनी उलगडू लागलं. पेशीत विषाणूची चाहूल घेणारे रेणू असतात. टीएलआर-७ हा गिळलेल्या कणातला एकेरी आरएनए ओळखतो, रिग-आय हा पेशीरसातल्या आरएनएचं विशिष्ट टोक ओळखतो, तर २०१३ मध्ये झिजिआन चेन यांच्या गटाने शोधलेला सीगॅस भलत्या जागी आलेला डीएनए ओळखतो. यांना विषाणूची वाढ व्हावीच लागते असं नाही. ओळखू येण्याजोगा रेणू समोर आला की झालं. आणि जिवंत विषाणू हीच चाहूल दाबण्यासाठी स्वतःची प्रथिनं वापरतो. इन्फ्लुएन्झाकडे त्यासाठी एनएस१ आहे. १९९८ मध्ये आडोल्फो गार्सिया-सास्त्रे यांच्या गटाने ते जनुकच काढून टाकलेला विषाणू तयार केला, तेव्हा ज्या पेशींत इंटरफेरॉनची व्यवस्था शाबूत होती तिथे तो धड वाढेना, आणि जिथे ती नव्हती तिथे वाढला. निष्क्रिय करताना विषाणूच्या हातून नेमकं हेच दाबण्याचं साधन जातं. त्याच्या खाणाखुणा मात्र उरतात.

नागीण आणि ओठांवरचे फोड ज्या कुळातले विषाणू आणतात, त्या हर्पिस कुळात हे सर्वांत स्वच्छ दिसतं. २००१ मध्ये कॅरन मॉसमन आणि सहकाऱ्यांनी, तसंच स्वतंत्रपणे ख्रिस प्रेस्टन यांच्या गटाने, मानवी पेशींना हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू दिला. विषाणूची जनुकं बोलू शकत होती तेव्हा पेशींतली विषाणूविरोधी जनुकं फारशी जागी झाली नाहीत. विषाणूची जनुकं बंद ठेवली तेव्हा ती भराभर जागी झाली. कण आत आला, पेशीने ओळखला, आणि तिला गप्प करणारं विषाणूचं प्रथिन तयारच झालं नाही. सायटोमेगॅलो विषाणूच्या बाबतीत त्याच वर्षी आणखी पुढचं पाऊल पडलं: पृष्ठभागावरचं ‘ग्लायकोप्रोटीन बी’ हे एकटं प्रथिनसुद्धा पेशीच्या जनुकांची मोठी उलथापालथ सुरू करतं, असं दिसलं. आत जनुक नाही, नुसतं कवचावरचं प्रथिन, तरीही.

याच कुळात उलट उदाहरणही आहे आणि ते सोडून दिलं तर चित्र एकांगी होईल. हर्पिस सिम्प्लेक्सच्या कवच आणि आवरणाच्या मधल्या थरात ‘व्हीएचएस’ नावाचं प्रथिन तयार अवस्थेत भरलेलं असतं. कण आत शिरला की ते पेशीचे स्वतःचे संदेश-आरएनए तोडायला लागतं. त्यासाठी विषाणूचं एकही जनुक वाचावं लागत नाही. म्हणून अतिनील किरणांनी जनुकं निकामी केलेला विषाणूसुद्धा पेशीचं प्रथिननिर्मितीचं काम मंदावू शकतो. म्हणजे एकच निष्क्रिय कण एका हाताने पेशीची संरक्षक जनुकं चेतवतो आणि दुसऱ्या हाताने तिचे संदेश फाडतो. निव्वळ ‘निष्क्रिय’ या विशेषणातून यातलं काहीच कळत नाही.

निष्क्रिय विषाणूचा पेशीवरचा सर्वांत नाट्यमय परिणाम सेंदाई विषाणूने दाखवला. जपानमधल्या सेंदाई शहराचं नाव असलेला हा विषाणू पेशींच्या पटलाशी आपलं आवरण जुळवून आत शिरतो. ओसाकात योशिओ ओकादा यांना १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसलं, की पुष्कळ कण एकदम आले की शेजारच्या पेशीच एकमेकींत मिसळून जातात. या मिसळण्यासाठी जनुकांची गरज नव्हती, आवरणावरची प्रथिनं पुरेशी होती. ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये किरणांनी निष्क्रिय केलेल्या सेंदाई विषाणूने माणसाच्या आणि उंदराच्या पेशी एकत्र केल्या. पुढे हॅरिस यांनी कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी मानवी पेशींशी जोडल्या. कोंबडीच्या रक्तपेशीतलं केंद्रक झोपल्यागत असतं, त्यातली जनुकं जवळपास बंद असतात. नव्या पेशीत ते केंद्रक फुगलं आणि पुन्हा आरएनए तयार करू लागलं. स्वतःचं एकही जनुक चालवू न शकणाऱ्या विषाणूने पेशीची बंद जनुकं सुरू होतील अशी परिस्थिती निर्माण केली. १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी पहिल्या हायब्रिडोमा पेशी जुळवल्या, त्याही निष्क्रिय सेंदाई विषाणूच्याच मदतीने. आज कर्करोगापासून संधिवातापर्यंत वापरली जाणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडं त्या कामातून आली.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. रिओ विषाणू किरणांनी निकामी केला तरी पेशीला आत्मनाशाच्या मार्गावर नेतो. कण आत जाऊन उलगडला की पुरे. एएव्ही या चिमुकल्या विषाणूच्या डीएनएची टोकं दुमडलेली असतात आणि पेशीला ती आपल्याच बिघडलेल्या डीएनएसारखी भासतात. २००१ मध्ये पीटर बेअर्ड यांच्या गटाने दाखवलं, की यामुळे पी५३ हे रक्षक प्रथिन नसलेल्या पेशी मरतात आणि ते असलेल्या पेशी थांबून सावरतात. एचआयव्हीच्या बाबतीत अमेरिकेत जेफ्री लिफसन यांच्या गटाने १९९८ मध्ये अल्ड्रिथिऑल-२ हे रसायन वापरून कणाच्या आतलं न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिन बिघडवलं. बाहेरचं आवरण जसंच्या तसं राहिलं. असा कण पेशीला चिकटतो, आत शिरतो, पण आरएनएपासून डीएनए पुरा करू शकत नाही. एचआयव्हीला पेशी पहिल्या काही तासांत कसा प्रतिसाद देतात, हे सुरक्षितपणे अभ्यासायला त्यामुळे वाट मिळाली.

या सगळ्यावरून प्रयोग करणाऱ्यांना एक आग्रहाची सूचना करावीशी वाटते. असंख्य शोधनिबंधांत ‘अतिनील किरणांनी निष्क्रिय केलेला विषाणू’ हा तुलनेचा शून्यबिंदू म्हणून वापरला जातो. जिवंत विषाणूने अमुक जनुक चढलं, निष्क्रियाने नाही, म्हणून ते विषाणूच्या वाढीमुळे चढलं, असा निष्कर्ष निघतो. तो बरोबर असू शकतो. पण निष्क्रिय विषाणू म्हणजे शून्य नव्हे. किरण कमी पडले असतील तर पहिली जनुकं चालू असतात. अति झाले असतील तर प्रथिनंही बिघडून कण आतच जात नाही, आणि मग तुलना कशाची कशाशी चालली आहे ते कळत नाही. किरणांची मात्रा, उरलेली वाढण्याची क्षमता आणि कण पेशीत शिरतो की नाही याची तपासणी, एवढं तरी प्रत्येक निबंधात छापलं गेलं पाहिजे.

मेलेला परत येतो तेव्हा

निष्क्रियता कायमची असते का? १९४७ मध्ये साल्व्हादोर लुरिया यांनी पाहिलं, की किरणांनी मारलेले जिवाणूभक्षी विषाणू एकेकटे वाढत नाहीत, पण एकाच जिवाणूत दोन-तीन शिरले तर वाढतात. वेगवेगळ्या कणांवरचे घाव वेगवेगळ्या जागी असतात आणि धड भाग एकत्र येतात. इन्फ्लुएन्झाचा जीनोम तर मुळातच आठ तुकड्यांत आहे, त्याला हे आणखी सोपं. १९४९ मध्ये रेनातो दुल्बेको यांना दृश्य प्रकाशात जिवाणू मेलेल्या विषाणूचे घाव दुरुस्त करताना दिसले. १९५३ मध्ये जाँ वेगल यांनी त्याहून विस्मयकारक गोष्ट पाहिली: जिवाणूलाही थोडे किरण दिले, तर तो मारलेल्या लॅम्डा विषाणूला अधिक संख्येने वाचवतो. स्वतःचा डीएनए दुरुस्त करायला जिवाणू जी आपत्कालीन यंत्रणा सुरू करतो, तीच विषाणूच्या कामी येते. तेव्हा निष्क्रियतेचं मोजमाप विषाणूपुरतं नसतं, तो कोणत्या पेशीत गेला यावरही ते अवलंबून असतं.

हे प्रयोगशाळेपुरतं राहिलं असतं तर बरं होतं. १२ एप्रिल १९५५ रोजी अमेरिकेत जोनास सॉल्क यांची पोलिओ लस यशस्वी असल्याचं जाहीर झालं. सॉल्क पोलिओ विषाणू १:४००० प्रमाणातल्या फॉर्मालीनमध्ये ३७ अंशांवर कित्येक दिवस ठेवत. वाढण्याची क्षमता सरळ रेषेत उतरते, म्हणून ती रेषा पुढे वाढवली की जिवंत कण जवळपास शून्य कधी होईल ते काढता येतं, असा त्यांचा हिशेब होता. कॅलिफोर्नियातल्या कटर कंपनीच्या काही लशींत मात्र जिवंत विषाणू उरला. सुमारे ४०,००० मुलांना सौम्य पोलिओ झाला, सुमारे २०० जणांना कायमचा पक्षाघात झाला आणि १० जण मृत्यू पावले. सरळ रेषा खालच्या टोकाला सपाट होत होती: पेशींच्या कचऱ्यात आणि एकमेकांना चिकटलेल्या गठ्ठ्यांत दडलेल्या कणांपर्यंत फॉर्मालीन पोहोचत नव्हतं. त्यानंतर मधल्या टप्प्यावर जादा गाळणी आणि मोठ्या नमुन्यांची तपासणी आली. १९६० मध्ये आणखी एक गोष्ट कळली. लस ज्या माकडांच्या मूत्रपिंड-पेशींवर तयार होत होती, त्यांत एसव्ही४० नावाचा विषाणू होता आणि तो फॉर्मालीनला पोलिओइतकी दाद देत नव्हता. एकाच भांड्यात, एकाच रसायनात दोन विषाणूंचं भवितव्य वेगळं निघालं.

लशीत काय उरलं पाहिजे

फॉर्मालीन कमी पडलं तर कटरसारखी दुर्घटना होते. जास्त पडलं किंवा भलत्या जागी पडलं तर काय होतं, ते १९६६ मध्ये अमेरिकेत दिसलं. तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना ग्रासणाऱ्या आरएसव्ही विषाणूची फॉर्मालीनने निष्क्रिय केलेली लस एका चाचणीत ३१ बाळांना दिली गेली. पुढच्या हंगामात त्यांतल्या २० जणांना संसर्ग झाला, १६ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि दोघं दगावली. ही लस न दिलेल्या गटात संसर्ग झालेल्यांपैकी विसांत एकालाच दाखल करावं लागलं होतं. लस निष्क्रियतेच्या कसोटीला उतरली होती, म्हणजे तिच्यात जिवंत विषाणू नव्हता. पण तिने बनवलेली प्रतिपिंडं विषाणूला नीट रोखू शकत नव्हती. कारणं सापडायला चार दशकं लागली. विषाणूचं ‘एफ’ प्रथिन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि शिरल्यावर दुसऱ्या; लशीत ते बहुतांश दुसऱ्या आकारात गेलेलं होतं. शिवाय २००९ मध्ये फर्नांडो पोलॅक यांच्या गटाने दाखवलं, की या लशीने टीएलआर पुरेसे चेतवले नाहीत, त्यामुळे प्रतिपिंडांची पकड घट्ट होण्याची प्रक्रियाच अर्धवट राहिली. विषाणू इतका मुका केला गेला होता, की पेशीने त्याला गांभीर्याने घेतलंच नाही. २०१३ मध्ये ‘एफ’ प्रथिनाचा पहिला आकार उलगडला आणि त्यावर आधारलेल्या लशी २०२३ मध्ये मंजूर झाल्या.

उलट बाजूचा पुरावा इन्फ्लुएन्झातून येतो. अख्ख्या निष्क्रिय कणाची लस आणि कण फोडून केलेली लस यांची उंदरांवर तुलना केली, तेव्हा अख्ख्या कणाची लस सरस ठरली, कारण त्यातला आरएनए टीएलआर-७ ला जागं करत होता. तो आरएनए नवे विषाणू घडवू शकत नव्हता, पण पेशीला इशारा देण्याचं त्याचं काम चालू होतं.

आपल्याकडची कोविडवरची लस, कोव्हॅक्सिन, या पार्श्वभूमीवर पाहण्यासारखी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू, व्हेरो पेशींवर वाढवलेला आणि बीटा-प्रोपिओलॅक्टोनने निष्क्रिय केलेला. ३ जानेवारी २०२१ रोजी तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिच्यात तुरटीसारख्या नेहमीच्या पूरकाला टीएलआर-७ आणि ८ यांना चेतवणारा एक रेणू जोडलेला आहे. म्हणजे कणाचा आरएनए इशारा देण्यात कमी पडला, तर ती उणीव भरून काढण्याची सोय आधीच केलेली आहे. योजना म्हणून ती मला दूरदृष्टीची वाटते. पण बीटा-प्रोपिओलॅक्टोन वापरलं की करोना विषाणूच्या पृष्ठभागावरचं काटा-प्रथिन (स्पाइक) आपोआप शाबूत राहतं, असं मानायला नको. २०२० मध्ये चीनमधल्या दोन गटांनी याच रसायनाने निष्क्रिय केलेले करोना विषाणू क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिले. एका गटाला काटे शिरण्याआधीच्या आकारात दिसले, दुसऱ्याला बहुतांश काटे शिरण्यानंतरच्या आकारात. रसायन तेच; फरक पडला तो हाताळणीत.

आणि निष्क्रिय लशीची एक मर्यादा पद्धत बदलूनही सहसा जात नाही. पेशीच्या आत विषाणूची प्रथिनं सहसा नव्याने तयार होत नाहीत, म्हणून संसर्गित पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशी फारशा तयार होत नाहीत. प्रतिपिंडांवरच भिस्त राहते. म्हणून बूस्टर लागतात.

ही मर्यादा कोकण आणि गोव्याला चांगलीच जाणवलेली आहे. गोचिडींमधून पसरणारा क्यासनूर जंगल रोग, सिंधुदुर्गात ज्याला माकडताप म्हणतात, त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, शोधला. २०१५ मध्ये तो गोव्यातल्या सत्तरीत आणि पुढच्या वर्षी दोडामार्ग-बांद्याकडे पसरला. त्यावरची लस कोंबडीच्या भ्रूणपेशींवर वाढवून फॉर्मालीनने निष्क्रिय केलेली. महिन्याच्या अंतराने दोन डोस, सहा ते नऊ महिन्यांनी बूस्टर आणि मग दरवर्षी पुन्हा. शिमोग्यातल्या २००५ ते २०१० च्या माहितीवरून दोन डोसांचा उपयोग शेकडा ६२ आणि बूस्टर घेतलेल्यांत शेकडा ८३ इतका आढळला. टोचल्या जागी दुखतं म्हणून बूस्टरला लोक येत नसत. पुढच्या साथींत लस घेतलेल्यांनाही ताप येत राहिला आणि अखेर या लशीचं उत्पादन थांबलं. आयसीएमआरच्या पुढाकाराने आता नव्या लशीवर काम सुरू आहे. ती निष्क्रिय विषाणूचीच असेल, तर कोणत्या पद्धतीने निष्क्रिय केली, पृष्ठभागावरचं प्रथिन मूळ आकारात किती उरलं आणि पेशींचे कोणते इशारे ती जागे करते, हे तिच्या चाचण्यांच्या निकालांबरोबर जाहीर व्हायला हवं. दोडामार्ग आणि सत्तरीतल्या लोकांना ते विचारायचा पूर्ण हक्क आहे.

तोवर काजूच्या हंगामात बागेत जाणाऱ्यांनी अंगभर कपडे घालावेत, गोचीड दूर ठेवणारं तेल लावावं, घरी आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ करावी, आणि जंगलात मेलेलं माकड दिसलं तर त्याला हात न लावता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावं.